बोलणं तिचं, मारामारी त्यांची

माझे भाऊजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही दात पाठवतो. आम्ही म्हणजे भाऊजी आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी त्यांची ही मेहुणी. खाली दोन खोल्यांची लॅब, वर ताईचं आणि त्यांचं घर. दिवसभर प्लास्टरची भुकटी आमच्या भुवयांवर बसते आणि संध्याकाळी आम्ही दोघं शंभरीचे दिसतो. शहरभरच्या लोकांना हसता-बोलता यावं म्हणून हा माणूस राबतो, आणि स्वतः मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. ताईने लग्नाला होकार दिला तेव्हा मी विचारलं होतं, "बोलतो का गं तो?" ताई म्हणाली, "ऐकतो." मी त्या वेळी हसले होते, पण ताईने काही चूक केली नाही. नर्सची ड्यूटी करून आलेल्या बाईला ऐकणारा नवराच लागतो.

अशा माणसाच्या पोटी ठकी आली, जिच्या तोंडाचा पट्टा जन्मापासून चालू. बाप-लेकीचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही, पण समोरासमोर बसले की दोघांचं घोडं अडायचं. ती विचारायची दहा गोष्टी, हे म्हणायचे "हं". मग ठकी शाळेत असताना घरात टीव्हीवर खेळायचा एक गेम आला.

मला त्या गेममधलं फारसं कळत नाही. इतकं कळतं, की त्यात एक बिनचेहऱ्याचा, बिननावाचा माणूस मिळतो आणि त्याला आपण घडवायचं असतं. ह्या दोघांनी त्याला नाक भाऊजींचं दिलं आणि केस ठकीचे. दिसायचा भयंकर, पण दोघांचा जीव होता त्याच्यावर. तो गावोगाव हिंडायचा आणि जागोजागी कुणीतरी त्याला अडवून काही विचारायचं. पडद्यावर चार उत्तरं यायची, त्यातलं एक निवडायचं. चोराला सोडायचं की पहारेकऱ्यांच्या हवाली करायचं? म्हातारीला तिचा मुलगा मेल्याचं सांगायचं की लपवायचं? जे बोलाल ते पुढे भोगायचं.

त्यांची वाटणी ठरलेली होती. बोलणं ठकीचं, मारामारी भाऊजींची. समोरचा बोलायला लागला की रिमोट तिच्या हातात, तलवार निघाली की भाऊजींच्या. उत्तर निवडण्याआधी जो वाद चालायचा तो खाली माझ्या कानावर पडायचा.

"बाबा, तू म्हातारीशी खोटं बोलला असतास?"

"बोललो असतो."

"का पण?"

"खरं कळून तिला मिळणार काय? झोप मात्र उडेल."

"आणि नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? ती तुझं तोंड तरी बघेल का?"

माझ्या भाऊजींना इतकी वाक्यं येतात हे मला त्या गेममुळे समजलं. आपला बाप कशाला घाबरतो, कुणाला माफ करतो, कुणाला करत नाही, हे त्या पोरीला चोर आणि म्हातारीच्या निमित्ताने कळत गेलं. एरवी कुठून कळणार होतं?

मग गेम संपला, ठकी शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. फोन यायचा. "जेवलास?" "जेवलो." "आईला दे." फोन वाजला की भाऊजी हातातला दात टाकून धावायचे, हात पुसायचे, आणि तो एक शब्द बोलून परत येऊन बसायचे. ठकीच्या चकरा कमी झाल्या. आली तरी झोपायची आणि जायची. कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. भांडण असतं तर मी मध्ये पडून मिटवलं असतं, मला त्याची सवय आहे. इथे मिटवायला काही नव्हतंच.

अशात एक दिवस भाऊजींनी माझ्यापुढे मोबाईल धरला. ठकीचा मेसेज होता. "बाबा, गेमचा दुसरा भाग आलाय. तुझ्या पत्त्यावर मागवलाय. मी आठवडाभर सुट्टी काढून येते. मी आल्याशिवाय सुरू करू नकोस."

"आठवडाभर," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी वर जाऊन टीव्हीची काच पुसली.

आता आमच्या धंद्याची एक पद्धत सांगायला हवी. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवायचे आणि डॉक्टरांकडे ट्रायलला पाठवायचे. पेशंटच्या तोंडात बसवून बघायचं, कुठे टोचतं, कुठे ओठ फुगतो. ट्रायल घेतल्याशिवाय भाऊजींनी आजवर कुणाला दात दिलेले नाहीत. एकदा एका घाईतल्या नवरदेवाच्या वडिलांनाही परत पाठवलं होतं त्यांनी. अशा माणसाच्या हातात मुलीच्या आठवडाभर आधी गेम आला, तर तो काय करणार?

गेम आला त्या दुपारी ते जेवायला म्हणून वर गेले ते आलेच नाहीत. मी बघायला गेले तर ताट झाकलेलं तसंच, आणि भाऊजी रिमोट घेऊन टीव्हीपुढे. मला बघून असे दचकले, की चोराच्या मनात चांदणं म्हणजे काय ते मला डोळ्यांनी दिसलं.

"फक्त ट्रायल घेतोय," ते म्हणाले. "तिला कुठे टोचायला नको."

"मग? कसा आहे?"

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "हा मला विचारतच नाही."

मी बघितलं. आता त्या माणसाला तयार चेहरा होता, नाव होतं आणि जबडा कपाटाएवढा. दात इतके पांढरे आणि एकसारखे, की ते बघूनच मी ओळखलं, ह्याच्याशी आपलं जमायचं नाही. तो स्वतःच प्रश्न विचारत होता, स्वतःच उत्तरं देत होता आणि वर स्वतःच हसत होता. चार उत्तरं वगैरे काही येत नव्हतं. त्याचं बोलून झालं की आपण फक्त समोरच्याला झोडायचं. गावातली माणसं तर ह्याला बघून पळूनच जात होती.

"पुढे येईल," भाऊजी म्हणाले. "सुरुवातीला नसेल दिलं."

तेव्हापासून ते रोज जेवणाच्या सुट्टीत वर जायला लागले, मग सकाळी लॅब उघडण्याआधीही. खाली येताना त्यांच्या चेहऱ्यावर मला कळायचं, आजही आलं नाही. कामात लक्ष उडालं. मेणात डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवून त्यांनी ट्रायल पाठवून दिली. डॉक्टरांचा फोन आला, "माणसाचीच आहे ना?" मी काहीतरी थाप मारली. भाऊजींकडून असली चूक मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला रागापेक्षा भीती जास्त वाटली.

"तिला सांगून टाका ना," मी म्हटलं. "गेम भिकार निघालाय म्हणावं. त्यात तुमचा काय दोष?"

"नको."

"मग जुनाच लावा."

"तो तिला पाठ आहे."

मी वरवर चिडत होते, पण पुढचं मलाही कळत होतं. ठकी येणार, बापाशेजारी बसणार, आपली बोलायची वेळ यायची वाट बघणार, आणि ती वेळ येणारच नाही. मग ती मोबाईल काढेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काहीतरी निमित्त निघेल. पुढच्या वेळी यायला तर निमित्तही उरणार नाही. हे मला दिसत होतं, तर त्यांना दिसत नसेल? रात्रपाळी करून आलेली ताई म्हणायची, "हे झोपेत दात खातात आजकाल." ठकी येण्याच्या आदल्या दिवशी भाऊजी वर गेलेच नाहीत. माझ्याबरोबर खालीच जेवले.

ठकी आली ती बॅग टाकून थेट टीव्हीपुढेच बसली. ताई ड्यूटीवर होती. माझ्याच्याने खाली राहवेना, म्हणून मी चहा घेऊन वर गेले आणि ट्रे धरून दारातच उभी राहिले.

भाऊजी झोडपत होते. ठकी मांडी घालून बसली होती, हात मोकळे.

"माझं कधी येणार?"

"येईल."

थोड्या वेळाने पुन्हा, "अजून नाही?"

"येईल गं."

तेवढ्यात त्यांच्या माणसाने एका बंद दारापुढे येऊन आधीच ढाल वर धरली. दार उघडलं आणि बाण बरोबर ढालीवर आदळला. ठकीने मान वळवली. "बाबा, दाराआड कुणी आहे हे तुला कसं कळलं?"

"अंदाज."

पुढे एक पूल होता. भाऊजी त्याच्या अलीकडेच थांबले आणि पूल कोसळला.

"हाही अंदाज?"

भाऊजी बटणं दाबत राहिले.

"तू खेळलास," ठकी म्हणाली.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"कुठपर्यंत?"

भाऊजींनी रिमोट मांडीवर ठेवला. "शेवटपर्यंत. तुझं कुठेतरी येईल म्हणून शोधत होतो. एकेका गावात गेलो, भेटेल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, कुणीतरी काहीतरी विचारेल. कुणीच विचारलं नाही."

"मग मला फोन का नाही केलास?"

"सांगितलं असतं, तर तू आली असतीस?"

पोरी, हो म्हण, मी मनात म्हणत होते. खोटं बोल, काय बिघडतं तुझं? पण म्हातारीला खरं सांगा म्हणून बापाशी भांडणारी मुलगी ती.

"नाही," ठकी म्हणाली. "बहुतेक नसते आले."

"म्हणून नाही केला."

पडद्यावर तो कपाटाएवढ्या जबड्याचा माणूस नुसता उभा राहून धापा टाकत होता. ठकीने रागाने विचारलं, "मग आता बोलायचं काय आपण?"

"मला सुचत नाही गं," भाऊजी म्हणाले. "कधीच नाही सुचत. तू विचार. मी उत्तर देतो."

"खरं खरं?"

"खरं खरं."

शहाण्या बाईने त्या वेळी खाली निघून जायला हवं होतं. मी गेले नाही.

ठकीने विचार केला, आणि मग तिच्या तोंडून असं बाहेर पडलं, जसं काही ते कधीचं तिथे बसून होतं. "मी नोकरीसाठी इथून गेले, त्या दिवशी आई आली गाडीपर्यंत, मावशी आली. तू का नाही आलास?"

तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की ते रागावलेत. मी तर गाडीपाशी ठकीला तसं सांगितलंही होतं. भाऊजी तिच्याकडे वळून बसले.

"लॅबमध्ये खिडकीमागे उभा होतो. बाहेर आलो असतो, तर जाऊ नको म्हणालो असतो."

ठकीने हात लांब करून टीव्ही बंद केला. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि मी ट्रे तिथेच ठेवून खाली गेले.