मूर्तीसाठी बदललेले हब: नाशिक ते सटाण्यापलीकडची टेकडी

पौर्णिमा तीन दिवसांवर आली आणि जीपचा उजवा हब कडकड वाजायला लागला. गंगापूर धरणाच्या बाजूला मऊ मातीत मी चाचणी घेत होतो. मागची चाकं माती उडवत होती, पुढचं उजवं चाक नुसतं बघत बसलं होतं. नेमकं आत्ता हे परवडणारं नव्हतं.

कारण घरी पार्किंगमध्ये गोधड्यांवर आईने मिळवलेली मूर्ती वाट पाहत होती. काळ्या दगडाची, ध्यानस्थ बुद्धांची, तीन फूट उंच आणि वजनाला दीड क्विंटल. सटाण्याच्या पलीकडे एका टेकडीवर आईच्या माहेरची वस्ती आहे. तिथे विहार बांधून झालं, पण आतला चौथरा रिकामाच; पौर्णिमेला त्यावर मूर्ती बसवायची होती. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती या मूर्तीच्या मागे होती. शेवटच्या चढावर टेम्पोवाले येत नाहीत, म्हणून मी सगळ्या नातेवाइकांसमोर छाती काढून सांगून बसलो होतो, की मूर्ती विहाराच्या दारात माझीच जीप उतरवेल.

ज्यांना जुन्या जीपची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढच्या चाकाच्या मधोमध एक गोल खटका असतो, तो म्हणजे लॉकिंग हब. खाली उतरून तो हाताने फिरवला की चाक एक्सलला जोडलं जातं आणि चारही चाकं ओढायला लागतात. गेल्या दिवाळीत मी पुढे जाड, वजनदार एक्सल बसवून घेतला होता. हब मात्र जुनेच ठेवले. अंगावर पैलवानाचा सदरा आणि बटणं लहान बाळाच्या झबल्याची, असा तो प्रकार. नाशकात मजबूत जोडी मागवायला चार दिवस लागणार होते. मालेगावला रफीकभाई नावाचे जीपचे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे माल तयार होता. वाट तशीही मालेगाववरूनच जाते, म्हणून मूर्ती लादूनच निघायचं ठरवलं.

मूर्ती बांधायला माझा मामेभाऊ सिद्धार्थ आदल्या दिवशीच आला होता. वय बेचाळीस, सटाण्याच्या कांदा बाजारात ट्रकवर पोती बांधण्यात त्याची वीस वर्षं गेली. माझा बेत होता मूर्ती आडवी, गादीत गुंडाळून न्यायचा. आईने एका वाक्यात तो मोडीत काढला.

"बसलेली मूर्ती आहे, बसूनच जाईल. तोंड पुढे. वस्तीत आजवर कोणी आडवी आणलेली नाही."

डोकं जड आणि बैठक आखूड असलेली ही वस्तू हलत्या गाडीत उभी न्यायची म्हणजे संकटच. सिद्धार्थने टायर खाली घालून तीन बाजूंनी दोर आवळले. चौथ्या बाजूला कडीच नव्हती. तिथला दोर त्याने सीटच्या दांड्याला दोन वेढे देऊन टोक आईच्या हातात दिलं. आई माझ्या मागच्याच सीटवर बसली.

"आत्या, वेढे शेत, तुले ताकद लावनी नही. फक्त टोक सोडू नको," तो म्हणाला. वेढे आहेत म्हणून ताकद लागणार नव्हती, पण टोक सुटलं की वेढेही सुटणार होते.

सकाळी सहाला निघालो. महामार्ग उत्तम आहे, पण लादलेल्या जीपला पन्नासच्या वर नेऊ नका. चांदवडच्या अलीकडे मिसळ खाल्ली, म्हणजे सिद्धार्थने खाल्ली. मी गाडीभोवती फिरून दोर चाचपत होतो आणि आई दोर धरून गाडीतच बसून होती. राहुड घाटात मागून प्रत्येक ट्रकने हॉर्न वाजवून आम्हाला आमची जागा दाखवली. मालेगाव गाठायला साडेनऊ वाजले.

रफीकभाईंनी जुना हब उघडून माझ्या तळहातावर ठेवलं. आतले दाते झिजून गोल झाले होते. मग त्यांनी दोन जोड्या समोर मांडल्या. एक हलकी, चकचकीत. दुसरी पूर्ण पोलादी, जाड दात्यांची, बेढब. मी दुसरीवर बोट ठेवलं.

"घ्या, पण ऐकून घ्या साहब," ते म्हणाले. "जोर आला की काहीतरी तुटणारच. हलका हब तुटला तर रस्त्यावर अर्ध्या तासात बदलता येतो. हा नाही तुटणार. मग आतला सांध्याचा क्रॉस तुटेल, नाहीतर शाफ्ट. ते रस्त्यावर होत नाही."

"मग हलका घेऊ?"

"चढ किती? वजन किती? मागे अम्मी बसलीय." त्यांनी हलकी जोडी बाजूला सरकवली. "जाडाच घ्या. पण चाक उडायला लागलं, टकटक आवाज आला, की पाय उचलायचा. तिथे जिद्द नाही करायची."

जिद्द करू नका हे मला लोक लहानपणापासून सांगत आलेत, आणि त्याचा उपयोग शून्य. मी मान डोलावली.

निवड करणाऱ्यांसाठी: हब जोडीनेच बदला, एक जुना एक नवा ठेवू नका. एक्सलचे आणि हबचे दाते आधी मोजून जुळवा. नट चारशे-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. फिटिंगसकट नऊ हजारांच्या आत काम झालं. आईने गाडीतून उतरायला साफ नकार दिला, म्हणून मूर्ती आणि आई दोघींना वर ठेवूनच एकेक बाजू जॅकवर घेतली. गाडी तिरकी झाली की मी मूर्तीला हाताने टेकू द्यायचो. रफीकभाईंनी आधी एक्सलखाली लाकडी ठोकळे रचले आणि मग आईला ऊन लागू नये म्हणून वर ताडपत्री बांधली. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

सटाण्याला भाकरी-शेवभाजी खाऊन टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. वरून वस्तीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत दिसत होती. शेवटचा चढ जेमतेम दीडशे पावलांचा, पण सगळा सुटा मुरूम, आणि डावीकडे सरळ खाली ओढा.

"आई, उतर. सिद्धार्थबरोबर चालत ये."

"दोर कोण धरणार?"

वाद घालायला वेळ होता, पण हिंमत नव्हती. मी उतरून दोन्ही हब फिरवले, लो गिअर टाकला. सिद्धार्थ मोठा दगड घेऊन मागून चालायला लागला. पहिली शंभर पावलं गाडी गोगलगाईसारखी पण सरळ गेली. वर कोणीतरी हात जोडले. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पुढचं उजवं चाक खड्ड्यात गेलं आणि उडायला लागलं. टक. टक. वरची माणसं बघत होती. अजून थोडा पाय दाबला असता तर कदाचित निघालीही असती, आणि खरं सांगतो, पाय दाबलाच गेला. तिसऱ्या आवाजाला मात्र मी तो उचलला. मुरुमात ब्रेक लागेना, गाडी मागे घसरली. हातभर, मग दोन हात. डावं चाक काठाकडे सरकलं. मागे दगडावर दगड आपटल्यासारखा धप्प आवाज झाला. मग सिद्धार्थचा दगड चाकाखाली बसला आणि गाडी थांबली.

मी मागे वळून पाहिलं. आई ठीक होती. मूर्ती एका अंगाला कलली होती आणि बैठकीच्या कोपऱ्याचा बोटभर टवका उडाला होता. चौथा दोर मोकळा लोंबत होता.

मग माझं डोकं फिरलं. मी सगळ्या वस्तीसमोर सिद्धार्थवर ओरडलो. वीस वर्षं पोती बांधतोस आणि एक दोर नीट बांधता येत नाही, असं काहीबाही बोललो. तो खाली बघत उरलेले दोर सोडत राहिला. आईसुद्धा गप्प होती, मला वाटलं ती धसक्याने गप्प आहे.

उरलेली पन्नास पावलं बारा माणसांनी मूर्ती बाजेवर बसवून, तोंड पुढे करून वर नेली. रिकामी जीप मग सहज चढली. हब शाबूत, क्रॉस शाबूत. दुसऱ्या दिवशी वंदना झाली, खीर झाली, टवक्याच्या कोपऱ्यावर कोणीतरी फुलं ठेवली. सिद्धार्थ पंक्तीत वाढत होता, पण माझ्या ताटाशी त्याने दुसऱ्याला पाठवलं. परतीच्या वाटेवर आई बाहेर बघत होती आणि मी पुढच्या वेळेसाठी चौथी कडी कुठे वेल्ड करायची याचा विचार करत होतो.

घरी आल्यावर बायकोने माझा शर्ट धुवायला घेतला आणि विचारलं, हा मागून खांद्यापासून एवढा कशाने फाटला? मी म्हणालो, मूर्ती उचलताना अडकला असेल.

"मूर्ती उचलताना नाही," आई म्हणाली. ती पलंगावर पाय दुमडून बसली होती. "गाडी मागे गेली तेव्हा मी दोर सोडला रे. दोन्ही हातांनी तुला धरलं."

अकरा वर्षं जिच्यासाठी थांबली ती मूर्ती सोडली होती तिने, आणि तेव्हापासून हे पोटात घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती रडत होती आणि मीही.

मग सिद्धार्थला फोन लावला. माफी कशी मागायची ते ठरवून ठेवलं होतं, पण पहिल्या वाक्यातच त्याने अडवलं.

"माले माहीत शे, दादा. मी गाडीमांगेच व्हतू. आत्यानी दोर सोडा ते मी देखं."

"मग मी एवढं बोललो तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"आत्या तठेच उभी व्हती ना," तो म्हणाला.