सासऱ्यांची उडी
पहिल्याच डावात मी सासऱ्यांना मारलं. कॅसेट घालून खेळायच्या टीव्हीवरच्या गेममध्ये, पण जावयानं मारलं ते मारलंच. पडद्यावरचा लाल माणूस माझा, असं समजून मी त्याच्याकडे बघत बटणं दाबत होतो आणि माझा निळा दगडांवरून उड्या मारत भराभर धबधबा चढून गेला. दोघांनी मिळून खेळायच्या त्या गेमचा दोषच तो, पुढचा घाईनं वर गेला की पडदाही सरकतो आणि मागचा तळाशी पडून मरतो. लकव्यानं सासऱ्यांचा उजवा हात दुबळा झाला होता. बोटं हलवली नाहीत तर आखडतील, असं डॉक्टर बजावत होते. पण गावी गडमुडशिंगीच्या घरात ते हात शालीत लपवून गप्प बसायचे. म्हणून मी मेहुण्याचा गेम जोडला होता. मेल्यावर त्यांनी रिमोट खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे पावणं, माझ्यानं न्हाय व्हायचं." मी रिमोट परत त्यांच्या हातात दिला, डाव पुन्हा सुरू केला आणि या वेळी एकेका दगडावर थांबत गेलो, कारण पुढच्याला थांबता येतं हा त्या गेमचा गुणही होता. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली होतं. अंगठा नुसता थरथरायचा आणि लाल माणूस जागीच उभा राहायचा. मी पुढच्या दगडाकडे वळलो तसे ते ओरडले, "थांबा की! येतोय न्हवं मी!" आणि बटण दाबलं गेलं. लाल माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, पण सासरे पडद्याकडे नाही, आपल्या अंगठ्याकडे बघत होते. दारात उभ्या बायकोनं डोळे पुसले आणि ती मला म्हणाली, "आता राजारामपुरीच्या बाजारात माझ्यासंगं फिरतानाबी असंच थांबत चला की."