बेल्ट काढल्यानंतर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज बसलाय असंही म्हणत नाही. मी रेल्वेच्या सिग्नलवर काम करतो. मीटर दाखवतो ते खरं, एवढंच मला कळतं. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस गेले...

माझा मोठा भाऊ, दादा, लंडनमध्ये स्टॅनमोरला राहायचा. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर त्याने पेट्रोलवरची एक जुनी गोल्फ बग्गी घेतली. गुडघे गेले होते, पण गोल्फ सुटत नव्हता. घराच्या मागच्या फाटकातून थेट कोर्सवर जाता यायचं. दसऱ्यानंतर बग्गीची बॅटरी चार्ज होईना.

"अरे, परत मेली," दादाचा फोन. "येऊन बघ ना जरा. तुझी वहिनी म्हणते, पेशंटपेक्षा हिलाच जास्त सलाइन लावताय."

मी हसलो. चार्जरला लाव म्हटलं, रविवारी येतो.

गेलो नाही. पुढच्या रविवारीही नाही. थंडी होती, कंटाळा होता, बस. मग एका सकाळी दादा गोल्फची बॅग ओढत चालतच निघाला आणि चढावर कोसळला. हार्ट. डॉक्टर म्हणाले, हे कधीही झालं असतं. मी मान हलवली. त्याने मला बोलावलं होतं, हे कुणालाच सांगितलं नाही.

मार्चमध्ये वहिनींनी बग्गी विकायचं ठरवलं. "भाऊजी, तेवढी दुरुस्त करून द्या."

भर दुपार, गॅरेजचं दार उघडं. बॅटरी चार्जरवरून काढून बसवली, मीटर जोडला – साडेबारा व्होल्ट. इंजिन चालू केलं की आकडा चौदाच्या वर जायला हवा. हलला नाही. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, सीट उचलली.

जनरेटरच्या पुलीत दोरा गुंडाळला गेला होता. त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दसऱ्याच्या पूजेला ती माळ मीच घातली होती... सीट उचलून, मुद्दाम इंजिनालाच. काढायची राहिली. दोऱ्यामुळे इंजिनवरून जनरेटर फिरवणारा बेल्ट घसरत होता. चार्जिंग होणार कुठून?

बेल्ट काढला आणि तसाच हातात धरून बसलो. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"भाऊजी, हा आकडा वाढतोय."

चौदाच्या वर. मग खाली. पुन्हा वर – कुणी पेडल दाबावं, सोडावं, तसा. इंजिन बंद. बेल्ट माझ्या हातात.

"वहिनी," मी म्हणालो, "दादाने मला बोलावलं होतं. मी आलो नाही. आणि ही माळ... माझीच."

"बोलावलं होतं ते माहितीये. फोन मीच लावून द्यायचे, यांचा चष्मा कधी जागेवर असायचा?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे."

मीटरकडे पाहिलं. साडेबारा. पुन्हा हलला नाही.

मीटर कामावर तपासून घेतला, ठीक आहे. मित्र म्हणतात लूज कनेक्शन असेल. पण त्याने आकडा पडतो, चढत नाही.

त्या दिवशी निघताना वहिनींना विचारलं, दादा चिडला होता का माझ्यावर?

"छे," त्या म्हणाल्या. "त्या सकाळीसुद्धा म्हणाले, येईल तो, कामात असेल."

कामात नव्हतो मी. घरीच होतो.