हौसाची घागर

त्या सकाळी हौसाने घागर झऱ्याच्या पन्हळीखाली धरली आणि रोजच्यासारखी ओरडली, "दाबा!" मी घड्याळाचं बटण दाबलं. घागर काठोकाठ भरली तशी हौसा ओरडली, "भरली!" मी पुन्हा दाबलं. तिथला खडक उतरता. घागर दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून घड्याळाला दुसरं माणूस लागतं. ते माणूस मी. किती सेकंद लागले ते वहीत उतरवलं, वाटेत दूध डेअरीच्या फळ्यावर खडूने लिहिलं आणि घरी आलो. दुपारी तांदूळ निवडता निवडता ती कलंडली. वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

लोक म्हणाले, सुटली बिचारी. कशातनं सुटली? तिला कसला जाच नव्हता. झाला तर मला होता.

हौसा माझी बायको. शाळेची पायरी चढली नव्हती. मी चौथीपर्यंत गेलो, तेही मारूनमुटकून. पण आमच्या पासली गावात येणाऱ्या शिकलेल्या माणसांना धाक तिचाच.

पाण्याचे सर पुण्याहून आले ते आमच्या झऱ्याचा अभ्यास करायला. घागर भरायला किती वेळ लागतो, ते रोज कुणीतरी मोजायला हवं होतं. "आमी मोजतो की," हौसा म्हणाली. सर महिन्याला यायचे, वहीचे फोटो काढायचे, जायचे. दोन वर्षं अशी गेली. एका खेपेला तिने चहाचा कप पुढे केला, पण सोडला नाही.

"सर, आकडं नेताय. कुनाला सांगितलं?"

"अजून कुणालाच नाही, मावशी. छापून येईपर्यंत बाहेर सांगता येत नाही."

"का?"

"दुसरा कुणी आधी छापेल."

"छापू द्या की! पानी तर ऱ्हाईल?"

तिचं म्हणणं उगाच नव्हतं. झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर मारायचं गावात चाललं होतं, आणि घागर भरायचा वेळ तर उन्हाळ्यागणिक वाढत होता. हे वहीत होतं. गावाला ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, "दोन वर्षांच्या आकड्यांवरून नक्की काही सांगता येत नाही. लोक भलताच अर्थ काढतील."

"मंग तेवडं बी सांगा. नक्की म्हाईत न्हाई, आसं सांगा. बोअर पडल्यावर तुमचा कागद घिऊन काय करू, चुलीत घालू?"

सर हसले नाहीत. चहा तसाच राहिला. उठून डेअरीवर गेले, फळ्यावर दोन्ही उन्हाळ्यांचे आकडे स्वतःच्या हाताने लिहिले, आणि खाली लिहिलं, 'अजून खात्री नाही.' दूध घालायला आलेली माणसं फळ्यापुढे भांडत राहिली. शेवटी खात्री होईपर्यंत गावाने बोअर थांबवलं. तेव्हापासून रोजचा आकडा फळ्यावर.

पुढे सर एका गणितवाल्या बाईंना घेऊन आले. हौसाने विचारलं, तुमी काय करता?

"तुमच्या झऱ्याचं गणित मांडते. समजावून सांगणं जरा अवघड आहे."

"कुनाला अवगड? सांगनाऱ्याला का ऐकनाऱ्याला?"

बाईंनी काडी उचलली. मग अंगणातल्या मातीत रेघा ओढत तासभर बसल्या. हौसा मधेच म्हणायची, "ह्ये न्हाई कळलं. मागनं घ्या." उठताना बाई म्हणाल्या, "मावशी, सांगता सांगता माझीच एक चूक सापडली."

"मंग रोज येत जा," हौसा म्हणाली.

मलाही तिने सोडलं नाही. एकदा ती किकवीला बहिणीकडे मुक्कामाला गेली होती. मी आदल्या दिवशीचाच आकडा फळ्यावर उतरवला. संध्याकाळी एसटीतून उतरली आणि फळ्यापाशीच थांबली. वाचता येत नव्हतं, पण डोळे होते.

"कालच्यावानीच चित्तर काडलंय."

"तेवढंच पाणी असेल."

"मोजलं का?"

"एकट्यानं कसं मोजू?"

"मंग जागा रिकामी सोडायची. रिकामं दिसलं तर लोक इचारत्याल. खोटं कोन इचारनार?"

चारचौघांसमोर मला पुसायला लावलं. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नसावं.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाव्हण्यांनी भरलेलं होतं. मी घागर आणि घड्याळ घेऊन निघालो. "सुतकात कुटं निगाला, तात्या?" कुणीतरी विचारलं. मी थांबलो नाही. एका हाताने घागर धरली आणि दुसऱ्याने बटण दाबायला गेलो. घागर घरंगळली. पुन्हा धरली. पुन्हा तेच. पाणी माझ्या पायांवरून खाली गेलं.

परतताना डेअरीशी थांबलो, तसा तिथला माणूस फळ्यापाशी आला. हळूच म्हणाला, "तात्या, आज कालचाच टाका. कोन काय म्हननार न्हाई."

मी खडू घेतला. तारीख लिहिली. पुढे काही लिहिलं नाही.