गाईच्या वाट्याचा कोंडा

धारहून काकांचा फोन आला तेव्हा मी देवासला, आमच्या स्वयंपाकघरात चहा टाकत होते. "तुझी मावशी गेली गं…" एवढंच म्हणाले. आता काही आठवडे झाले, तरी कणीक मळायला घेतली की ती आठवतेच.

मावशीच्या पोळ्या धारच्या मराठी घरांत नावाजलेल्या. कणीक दोनदा चाळायची आणि कोंडा वाटीत घालून दाराशी येणाऱ्या गाईपुढे ठेवायचा. न चाळलेल्या कणकेची पोळी तिच्या लेखी पोळीच नव्हे. चाळताना पीठ उडून पापण्यांवर बसे. "बघ, म्हातारी झाले!" म्हणून ती आम्हा मुलांना हसवायची… ते म्हातारपण तिला मिळायला हवं होतं.

कर्करोग निघाला आणि इंदूरला इम्युनोथेरपी सुरू झाली. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारं हे औषध सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. आजारी माणूस म्हणून नातेवाईक मऊ भात नि साबुदाण्याची पेज पोचवत होते. ते ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पचतंय तोवर कोंड्याची पोळी, सालीच्या डाळी, भाज्या खा. त्या चोथ्यावर आतड्यातले जिवाणू पोसतात. त्यांची या औषधाला मदत होत असावी, पण अजून खात्री नाही."

"मतलब गाईचा हिस्सा आता मी खायचा?" मावशीनं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या, मावशी नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातानं करायचं, एवढ्यासाठी तिला जगायचं होतं.

घरी येताच तिनं चाळण धुऊन खुंटीला लावली. "ही पोळी आहे की गोवरी!" म्हणत रोज नाक मुरडून खायची. गाय आली की हात जोडायची, "माफ कर बाई, सध्या मला ज्यादा जरूरत है."

मधली एक तपासणी चांगली आली. औषधामुळे की कोंड्यामुळे, कोण सांगणार? बाळंतपण तिनंच केलं, नातीला न्हाऊमाखू घातलं. मग दुखणं उलटलं ते उलटलंच.

परवा धारला गेले, तर खुंटी रिकामी. काका ओट्याशी उभे राहून कणीक चाळत होते. जन्मात कधी चाळण न धरलेला माणूस, पापण्यांवर पीठच पीठ.

"आता कशाला चाळता, काका?"

"तीच सांगून गेली," ते म्हणाले. "मी गेले की गाईचा हिस्सा तिला परत द्या म्हणाली…"

आणि कोंड्याची वाटी घेऊन ते दाराकडे गेले.