संघप्रियाच्या सिमेंटातलं पाणी

संघप्रिया देवगडे माझ्या वर्गात पाच वर्षं होती, पण बाकावर स्वस्थ बसलेली ती मला आठवत नाही. आमची शाळा गडचांदूरपासून जवळ. दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की खिडक्यांची तावदानं थरथरत. बाकीची मुलं कानांवर हात ठेवत, आणि ही उठून भिंतीला तळहात लावून उभी राही.

"सर, भिंत आतून पण हलते का?"

"बस खाली," एवढंच मी म्हणत असे. ती बसे, पण बाकाखाली तिचा पाय चालूच असे. आज वाटतं, उत्तर द्यायला हवं होतं.

तिचे वडील लहानू मिस्त्री. माझ्या घराचं स्वयंपाकघर त्यांनीच बांधलं. हा माणूस प्लास्टर करून मोकळा होत नसे. पुढचे सात दिवस पहाटे आणि संध्याकाळी स्वतः येऊन भिंतीवर पाणी मारी. घरच्यांनी मारलेल्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "जयभीम गुरुजी" हे ते पाइप हातात घेतल्यावर म्हणत, आधी नाही. सिमेंट कोरडं पडलेलं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होई. त्यांची बायको इंदुताई म्हणायची, "मले ताप आला तं एक डाव विचारत नाई. भिंतीले मात्र चार डाव पाणी पाजतेत."

संघप्रिया नागपूरला शिकली, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली आणि सिमेंटातल्या पाण्यावर पीएच.डी. करू लागली. सुट्टीत घरी आली की माझ्याकडे येई, अंगणात फेऱ्या मारत बोले. मी विज्ञान शिकवत असे, तरी तिचा विषय समजायला मला तीन बैठका लागल्या.

सिमेंटात पाणी घातलं की त्यातलं काही सिमेंटाशी जोडलं जातं आणि मग जागचं हलत नाही. काही मोकळं राहून सैरावैरा पळतं. काही बारीक छिद्रांत अडकून सावकाश सरकत राहतं. भिंत पुढे किती टिकेल, हे बरंचसं या तिसऱ्या पाण्यावर असतं. पण बंद सिमेंटात ते पाहायचं कसं? त्यासाठी न्यूट्रॉन. त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून तो धातूच्या डबीतून आरपार जातो, पण पाण्यातल्या हायड्रोजनशी त्याची चांगलीच टक्कर होते. हायड्रोजन हलत असेल तर परतणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा किंचित बदलते. हा बदल इतका लहान, की तो मोजायचा तर सगळे न्यूट्रॉन जवळजवळ एकाच वेगाचे निवडावे लागतात.

"ते कसं निवडतात?" मी विचारलं.

"सिलिकॉनच्या स्फटिकावर सरळ मारायचे, सर. आल्या वाटेनं परत येतील असे. तिरपे मारले तं कोन थोडाही चुकला की वेग बदलतो. सरळ मारले तं कोन थोडा चुकून काही बिघडत नाई. झोका टोकाला गेला की क्षणभर थांबल्यासारखा वाटते ना, तसंच."

ही कल्पना म्युनिकच्या शास्त्रज्ञांची, १९६०च्या दशकातली. त्या दशकाच्या शेवटी तिथल्या लहानशा अणुभट्टीवर पहिलं यंत्र उभं राहिलं. मग फ्रान्समध्ये, पुढे अमेरिकेत, जपानमध्ये, ऑस्ट्रेलियात. सेकंदाचे एक अब्ज भाग केले तर त्यातल्या एखाद-दोन भागांत रेणू कसा सरकतो, कसा फिरतो, हे त्यातून कळतं. धातूत शिरलेला हायड्रोजन, प्लास्टिकच्या लांब साखळ्या, प्रथिनं, चिकणमातीतलं पाणी, सगळं लोकांनी त्यात घालून पाहिलं. आणि ऊर्जा थोडी थोडी बदलत नेण्यासाठी तो स्फटिकच सतत मागे-पुढे हलवतात.

"तो पण एका जागी बसत नाई, सर," ती हसून म्हणाली.

मुलचेऱ्याकडच्या भातगिरणीतली तुसाची राख सिमेंटात मिसळली, तर हे सरकणारं पाणी लवकर थांबतं का, हा तिचा प्रश्न. थांबतं, असा तिचा अंदाज होता. फ्रान्समधल्या एका न्यूट्रॉन केंद्राकडे केलेला अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा यंत्राचे तीन दिवस मिळाले, जूनच्या दुसऱ्या आठवड्यातले. शिष्यवृत्ती वर्षअखेर संपणार होती. ते तीन दिवस हुकले की प्रबंध हुकला.

अडचण मे महिन्याची होती. नमुने बरोबर अठ्ठावीस दिवस मुरलेले हवे होते. नागपुरात वीज सारखी जाऊ लागली, प्रयोगशाळेतलं थंड कपाट बंद पडलं आणि अर्धे नमुने उकाड्यानं तडकले. उरलेले नमुने भरलेल्या सहा बाटल्या ती घरी घेऊन आली. लहानू मिस्त्रींच्या मागच्या खोलीत ऊन शिरत नाही. तिथं एका खोक्यात, तोंडाला प्लास्टिक आणि रबर लावून, तिनं त्या ठेवल्या. स्वतः व्हिसाच्या कामाला मुंबईला गेली. जाताना बाबांना बजावलं, "जागच्या हलवू नका."

परत आल्या दिवशी तिनं बाटल्या वजनाला लावल्या. सहाही जड झाल्या होत्या.

लहानू मिस्त्री भर दुपारी माझ्या दारात आले. घामानं निथळत होते, पण बसायला तयार नव्हते. "गुरुजी, तुमी चाला. पोरगी बोलून नाई राह्यली."

मागच्या खोलीत संघप्रिया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती. खोक्यावर ओलं गोणपाट होतं.

"हलवू नका म्हणलं होतं ना मी?"

"कुठी हलवलं? जागच्या जागीच हायेत. प्लास्टिक काढून पाणी मारलं आन् परत बांधलं."

"काऊन मारलं?"

"काऊन म्हंजे? सिमेंट हाय ते! एवढ्या उन्हात बिनपाण्याचं ठेवतेत का? मी म्हणलं, पोरगी शिकलेली हाय, पण मिस्त्रीच्या कामाचं तिले ध्यान नाई."

"रोज मारलं?"

"सकाय-संध्याकाय. एक डाव चुकलो नाई," ते अभिमानानं म्हणाले, आणि तिचा चेहरा पाहून थांबले.

"किती किती मारलं, सांगता येईल?"

"पाणी कोणी मोजून मारते का, बाई?"

इंदुताई दारातून म्हणाल्या, "तुह्या बापाले बाटली दिसली नाई. त्याले भिंत दिसली."

वजनावरून वाढ कळली, पण कोणत्या दिवशी किती पाणी सिमेंटात मुरलं, हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि तिचा सगळा प्रयोग त्या हिशेबावर उभा होता. नव्यानं अठ्ठावीस दिवस मुरवायला दिवस नव्हते. निघायला तेरा उरले होते.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. चहा तसाच ठेवून तिनं अंगणात किती फेऱ्या मारल्या कोण जाणे.

"सर, याच बाटल्या नेल्या तं? तिथी पोचेपर्यंत अठ्ठावीस दिवस तं भरतेतच. पाणी जास्त झालं हे कोणाले समजन?"

मी निवलेला चहा तिच्यापुढे धरला. तिला ओळखत होतो.

"यंत्राले समजन," तीच म्हणाली. "आन् मले."

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला जायला निघाली. अर्ज मागे घेतेय असं कळवणार होती. लहानू मिस्त्री बसथांब्यापर्यंत तिच्यामागे चालत आले. मीही होतो.

"एक विचारू?" ते म्हणाले. "रागावशील?"

"विचारा."

"तू माल इथी कालवून तिथी काऊन नेऊन राह्यली? घरी माल कालवून कामावर नेणारा मिस्त्री मी पाह्यला नाई. कोरडं ने. तिथीच कालव."

"बाबा, मले मुरलेलं पायजे..." ती बोलता बोलता थांबली. बस आली, दार उघडलं, कंडक्टर ओरडला. ती चढली नाही.

मुरलेल्या सिमेंटात पाणी किती उरलं, हे ती पाहणार होती. पण यंत्रासमोरच कालवलं, तर ते थांबत जाताना तासातासाला दिसलं असतं. प्रश्न थोडा बदलत होता, राख तीच होती. तिनं बसथांब्यावर बसूनच गाइडना फोन लावला, मग तिकडच्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, खरं काय घडलं ते सांगून. दोन दिवसांनी उत्तर आलं: चालेल, मात्र कालवल्यावर डबी लवकर बंद झाली पाहिजे, सराव करून या.

ते आठ दिवस त्या घरात कोणाला स्वस्थता नव्हती. ॲल्युमिनियमची चपटी डबी, आतली फट नखाएवढीही नाही. तिच्यात कालवलेलं सिमेंट एकसारखं पसरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि स्क्रू आवळायचे, सगळं सहा मिनिटांत. संघप्रियाला पहिल्या दिवशी अकरा लागली. लहानू मिस्त्री घड्याळ घेऊन समोर उकिडवे बसत.

"घोटू नको, बाई. घोटलं की हवा शिरते. दाबत ने."

"बाबा, हात नका लावू."

"नाई लावत. बोलू तं दे."

शेवटच्या दिवशी साडेपाच मिनिटं लागली. साधं सिमेंट, कमी राखेचं आणि जास्त राखेचं अशा तीन मिश्रणांच्या कोरड्या पुड्या गाइडनी आधीच कुरिअरनं पाठवल्या होत्या.

ती गेली त्या आठवड्यात लहानू मिस्त्री दिवसातून तीनदा माझ्याकडे येत. फोन माझ्याकडे येईल असं त्यांनी का धरलं होतं, कोण जाणे. पहिल्या दिवशी तिनं कळवलं, साध्या सिमेंटाचं मोजमाप छान चाललंय. दुसऱ्या दिवशी, कमी राखेची डबी स्क्रूपाशी गळाली, सात तास वाया गेले, ते मिश्रण सोडून द्यावं लागलं. मिस्त्री उठले, बसले, पुन्हा उठले. "मी असतो तं..." म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. मी तो त्यांच्या हातात दिला.

"झालं का काम?"

"दोन झाले, बाबा. एक राह्यलं. जास्त राखेचं पूर्ण मिळालं. पण माहा अंदाज चुकला. पाणी थांबते, पण साध्या सिमेंटापेक्षा हळू थांबते."

"चुकला म्हंजे पास का नापास?"

"गाइड म्हणतेत, प्रबंधाले पुरन. अंदाज चुकला हे पण लिहायचंच असते."

"मंग ये घरी."

"येते. पण हळू काऊन थांबते, हे पाहा लागन ना. कमी राखेचं पण राह्यलंच हाय. पुढच्या अर्जाची तारीख सप्टेंबरातली हाय, मी आत्ताच लिहायला घेतला."

लहानू मिस्त्रींनी फोन मला परत दिला.

"गुरुजी," ते म्हणाले, "हे पोरगी निजते कवा?"