रेघ मारलेली ओळ

दुपारची जेवणं उरकलीत. आश्रमशाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये पंखा नुसताच कुरकुरतोय, आणि चेतना बोरकुटे "दोनच मिनिटं" म्हणत रजिस्टरवर डोकं टेकवते. टेकवणारच! सकाळपासून तिने एकटीने अठ्ठेचाळीस कुटुंबं लिहिलीत. नववीतली पोर, पण भाषणात पहिली आल्यापासून तिचा आवाज असा काही सुटलाय, की मेश्राम सरांनी यादीच तिच्या हाती सोपवली. नदीपलीकडे गोळीबार झाला आणि माणसं नेसत्या कपड्यांनिशी इकडे आली. चार वाजता मदतीची गाडी येणार. यादीत नाव असेल त्यालाच ताडपत्री आणि तांदूळ.

बाहेरचा गलका लांब लांब जातो. समोर कुणीतरी उभं आहे.

"रांगेत या, काका," चेतना डोळे न उघडता म्हणते.

"रांगेतच हावो पोरी. सकाळपासून."

ती मान वर करते. माणसाची लुंगी गुडघ्यापर्यंत ओली. एका पायात निळी चप्पल, दुसरा पाय उघडा. जोडीची दुसरी चप्पल तिने सकाळीच पाहिलीय. दोन लेकरं घेऊन आलेल्या एका बाईच्या गाठोड्यातून ती डोकावत होती.

पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचा. सकाळी चेतनाने तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर बाईने पदर तोंडात धरला. "अहो मावशी, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजता काय? मागे रांग आहे!" चेतना खणखणीत बोलली, चार जण हसले. मग चेतनाने त्या ओळीवर रेघ मारली. बाई उठून गेल्यावर मागची म्हातारी पुटपुटली, "नदीत गोळी लागली त्याले." मग बघू, म्हणून चेतनाने पान उलटलं होतं.

"माह्या घरावर रेघ काहून मारली?" तो विचारतो.

"त्या नाव सांगत नव्हत्या. तुम्ही सांगा ना, आत्ता लिहिते."

ती घाईने पेन धरते. हॉल आता परीक्षेचा वर्ग आहे. बाकांखाली पाणी शिरतंय. पेन उठत नाही. घंटा होते, आणि पाणी तिच्या पोटऱ्यांना लागतं.

"काका, लवकर सांगा!"

नदी आहे. तो पुढे, ती मागे, रजिस्टर डोक्यावर धरून. पलीकडच्या काठावर फटाक्यांसारखं काहीतरी फुटतं, पण ते फटाके नाहीत, हे तिला कळतं.

"वाक खाली!" तो म्हणतो.

तिलाही ओरडून त्याला सावध करायचंय. बक्षीस मिळवणारा तो आवाज घशातून बाहेरच पडत नाही.

"माहं नाव कायले पायजे तुले?" तो मागे न बघता म्हणतो. "मी का ताडपत्रीखाली झोपाले येतो?"

"मग कुणाचं लिहू?"

"जे झोपन, तिचं इचारलं का तू?"

चेतना आठवून बघते. नाही. विचारलंच नाही. पाणी छातीला लागतं. तो वळतो, तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरतो. आता हा आपल्याला खाली ओढणार! ती डोळे गच्च मिटते. तो मात्र टोकाला गाठ मारतोय, सावकाश, लेकराला टोपडं बांधावं तशी.

"इसरशीन म्हणून."

गाडीचा हॉर्न. चेतना धाडकन उठते. हॉल रिकामा, रजिस्टर कोरडं. ओढणीच्या टोकाला घट्ट गाठ आहे. ती गाठ सोडते. आत चिमूटभर ओली वाळू. नदी इथून दीड कोस.

रजिस्टर-पेन उचलून ती धावत सुटते. गाडीपाशी सर यादीच्या नकलेवरून नावं पुकारतायत. ती बाई रांगेतसुद्धा नाही, हातपंपापाशी लेकरांना घेऊन बसलीय. चेतना तिच्यासमोर उकिडवी बसते.

"मावशी..." ती हळूच म्हणते. "सकाळी मी चुकले. तुमचं नाव काय?"

बाई मान वर करते. "माहं?"

"हो. तुमचंच."

"बुधरी."

त्या ओळीत दुसरी जागा नाही. चेतना रेघेवरच लिहिते, ठळक, मोठं. बोटांची वाळू अक्षरांना चिकटते.

"सर, थांबा!" ती तिथूनच ओरडते. "अजून एक घर आहे!"